काचेतला कोंबडा

पडदे शिवणाऱ्या बाईला सगळी गल्ली नेमबाई म्हणायची. हे नाव तिला दहाव्या वर्षी चिकटलं होतं आणि साठीला टेकली तरी सुटलं नव्हतं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिने गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरापोरींच्या गोट्या जिंकल्या होत्या. डाव्या हाताचं मधलं बोट मागे ताणायचं, एक डोळा बारीक करायचा आणि सोडायचं. समोरची गोटी उडालीच म्हणून समजा. शेवटी कुणाकडे खेळायला गोटीच उरली नाही, तेव्हा खेळ आपोआप बंद पडला. रडत आलेल्यांना ती ठणकावून सांगायची, "जिंकलेलं मी परत देत नाही. हरले तर परत मागणारही नाही." ती हरली मात्र कधीच नाही, त्यामुळे या वाक्याचा दुसरा अर्धा भाग कितपत खरा हे कुणाला कळलंच नाही.

पुढे शिवणकाम हाती आलं तेव्हा तिने जाड कापडाच्या बारा पिशव्या केल्या, त्यांत सगळ्या गोट्या भरल्या आणि तोंडं शिवून टाकली. पडद्याचं कापड बेतताना सरकू नये म्हणून त्यावर वजन ठेवावं लागतं, आणि गोट्यांच्या पिशवीइतकं सोयीचं वजन दुसरं नाही. कापडावर मऊ बसते, डाग पाडत नाही. तीस वर्षं त्या पिशव्या तिच्या बारा फुटी टेबलावर इकडून तिकडे फिरत होत्या.

एका सकाळी दातांची डॉक्टरीण आपल्या दवाखान्याच्या पडद्यांची मापं घेऊन आली. तिला कापड दाखवता दाखवता नेमबाईने एक पिशवी उचलली, आणि तिचा झिजलेला तळ उसवला. खड खड खड करत गोट्या टेबलावरून जमिनीवर आणि जमिनीवरून कपाटाखाली. दोघीही ओणव्या होऊन गोळा करायला लागल्या.

डॉक्टरीणबाई मधेच थांबल्या. त्यांच्या हातात एक मोठी, पारदर्शक गोटी होती. आत चंदेरी रंगाचा इवलासा कोंबडा, तुऱ्यासकट.

"मावशी, ही कुठून आणलीत?"

"जिंकली. लहानपणी, गल्लीतल्या लंबूकडून."

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून दात तपासायचा भिंगांचा चष्मा काढला आणि चक्क फरशीवर मांडी ठोकली. नेमबाईला वाटलं, आता ही गोटीची दाढ काढते की काय!

"इथे बोट फिरवा," त्या म्हणाल्या. "खालून. लागतंय खरखरीत? काचेची गरम कांडी हाताने कापून केलेली गोटी आहे ही. कापल्याची खूण आहे ती. यंत्रातून निघालेल्या गोटीला अशी खूण नसते. मी दहा वर्षं गोट्या जमवतेय मावशी, आणि आतमध्ये प्राणी असलेली मी फक्त लोकांच्या कपाटात पाहिलीय."

"म्हणजे विकली जाते की काय ही?"

"विकली जाते?" डॉक्टरीणबाई हसायलाच लागल्या. "हिच्यात तुमचं नवंकोरं शिलाईयंत्र येईल. मोटरवालं. भाव चढला तर दोन येतील."

नेमबाई मटकन स्टुलावर बसली. तीस वर्षं ज्याने कापड दाबलं, त्यात शिलाईयंत्र दडलं होतं!

"मग घ्या की तुम्हीच."

"नको. मी घेतली तर स्वस्तात घेईन, आणि मग रात्रभर कूस बदलत राहीन. पुढच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये जुन्या छंदांच्या वस्तूंचा लिलाव आहे. तिथे न्या. आधी बाकीच्या पिशव्या तर उघडूया!"

पडद्यांची मापं राहिली बाजूला. दोघींनी अकराच्या अकरा पिशव्या उसवल्या. बोटाने चाचपत, भिंगातून पाहत, दुपारचे दोन वाजेपर्यंत दोघी टेबलाला चिकटून होत्या. कोंबडा धरून हाताने केलेल्या गोट्या निघाल्या तेवीस. कुणाच्या पोटात निळ्या-तांबड्या दोऱ्यांचा पीळ, कुणात दुधी वेटोळं. एक तर अगदीच कळकट, गुळाच्या खड्यासारखी. दवाखान्यात तीन पेशंट ताटकळत बसलेत असा फोन आला, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाई उठल्या.

नेमबाईच्या पोटात ही गोष्ट तासभरसुद्धा टिकली नाही. तिने थोरल्या भावाला फोन केला. दादाने बायकोला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत जुन्या गल्लीतल्या सगळ्यांना कळलं.

दुसऱ्याच दिवशी दादा हजर. पाठोपाठ जुन्या गल्लीतली बेकरीवाली, हातात गरम बिस्किटांचा पुडा घेऊन. आजवर तिने फुकट बिस्किट कुणाला दिलेलं नव्हतं.

"ती निळ्या पिळाची माझी होती बरं का," बेकरीवाली टेबलावर वाकून म्हणाली. "मी लहान होते गं तेव्हा. तू मला फसवून खेळायला लावलंस."

"फसवून? पाण्याच्या टाकीमागे तूच तीनदा म्हणालीस, अजून एक डाव. शेवटी केसांची पिनसुद्धा लावत होतीस. ती मी घेतली नाही."

"हिला सगळं आठवतंय!" बेकरीवालीने कपाळावर हात मारला, आणि आपलीच बिस्किटं खायला बसली.

दादाने हिरव्या पट्ट्याची गोटी ओळखली, दुधी ओळखली. गुळाच्या खड्यासारखी दिसली तेव्हा नाक मुरडून म्हणाला, "ही असली घाणेरडी माझी नव्हे. पण त्या दोन मात्र माझ्याच."

"होत्या," नेमबाई म्हणाली.

दादाने वाद घातला नाही. धाकटी बहीण त्याला पुरती ठाऊक होती.

लंबू आला तो शनिवारी दुपारी. लिफ्टदुरुस्तीच्या कामातून नुकताच निवृत्त झालेला, उंची तेवढीच, पाठीला मात्र आता बाक आलेला. दादा आणि बेकरीवाली त्या दिवशीही तिथेच ठाण मांडून होती आणि डॉक्टरीणबाई पडद्याच्या निमित्ताने आल्या होत्या. आता हा काय मागतो, म्हणून सगळे कान टवकारून बसले. लंबूने काहीच मागितलं नाही.

"पाच मिनिटं हातात देशील?" एवढंच म्हणाला.

नेमबाईने कोंबडा त्याच्या तळहातावर ठेवला. तो खिडकीपाशी गेला, गोटी उजेडात धरून फिरवत राहिला.

"ही माझी नव्हतीच," पाठमोराच तो बोलला. "आजोबांची होती. न विचारता उचलून आणली होती मी. तू जिंकलीस, आणि आजोबा आठवडाभर घर उलटंपालटं करून शोधत होते. मी पण त्यांच्याबरोबर शोधायचो. पलंगाखाली बॅटरी मारून. त्यांना कधी सांगितलं नाही मी."

नेमबाईला आतून काहीतरी लागलं. त्या पोराचा पडलेला चेहरा तिला आठवत होता. पण तो हरल्यामुळे पडलाय असंच ती आजवर समजून चालली होती. देऊन टाकावी का, हा विचार तिच्या ओठांपर्यंत आला. पण लंबूच वळून म्हणाला, "दान देऊ नकोस हं. घेणार नाही मी."

"मग खेळ," ती पटकन म्हणाली.

"गुडघे वाकत नाहीत आता."

"वाकवायचे कशाला? टेबल आहे ना बारा फुटी! पण डावावर तू काय लावणार? नुसतं माझंच लागलं तर तो खेळ नव्हे."

लंबूने शर्टाच्या खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. आत तशीच पारदर्शक गोटी होती. तिच्या पोटात चंदेरी कोंबडी, पंख मिटून बसलेली.

"आजोबांकडे दोन होत्या," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंच्या तोंडून नुसताच "अगं बाई!" असा उद्गार निघाला. "जोडी! अहो, जोडी सुटी सुटी विकू नका. एकत्र गेली तर दुपटीने नाही, चौपटीने जाईल!"

"जो जिंकेल त्याची जोडी," नेमबाई म्हणाली आणि तिचे कान गरम झाले. इतका हुरूप तिला कित्येक वर्षांत आला नव्हता.

टेबलावरचं कापड उचललं, खाली बनातीचं जाड लोकरी कापड पसरलं. दादाने शिवणाच्या खडूने पलीकडच्या टोकाला बशीएवढं वर्तुळ काढलं आणि मधे एक साधी हिरवी गोटी ठेवली. किमती गोट्यांना कुणी हात लावायचा नाही. त्या डॉक्टरीणबाईंच्या मुठीत. प्रत्येकाचे तीन नेम. हिरवी वर्तुळाबाहेर गेली तर तो नेम लागला.

पहिला नेमबाईचा. कात्री चालवून चालवून बोटाचा सांधा आखडला होता, मागे ताणताना कळ आली. तिने डोळा बारीक केला आणि सोडलं. टक! हिरवी थेट भिंतीवर.

"अजून तशीच!" बेकरीवालीने टाळी वाजवली.

लंबूनेही बोट ताणलं. त्याचं ते लांबलचक बोट धनुष्यासारखं वाकलं. टक! बाहेर. एक एक.

दुसऱ्या खेपेला नेमबाईचा नेम केसभर चुकला. तिचा विश्वासच बसेना. लंबूही चुकला. दादाच्या कपाळावर घाम आला, आणि तो तर खेळतही नव्हता.

तिसरा. ती श्वास रोखून उभी राहिली. गोटी सुटली, हिरवीला कडेला लागली, हिरवी डुलत डुलत निघाली आणि बरोबर खडूच्या रेषेवर जाऊन थांबली.

"बाहेर!" बेकरीवाली ओरडली.

दादाने वाकून पाहिलं, डोकं खाजवलं. "रेषेवर म्हणजे आत. नियम कुणी केला होता, सांगू?"

"मीच," नेमबाई म्हणाली. "आतच."

हिरवी पुन्हा मधे ठेवली. लंबूने घाई केली नाही. हात पँटला पुसला, एकदा खिडकीकडे पाहिलं, मग टेबलाकडे. बोट सुटलं आणि टक! असा खणखणीत आवाज झाला. हिरवी टेबलावरून उडून शिलाईयंत्राखाली गेली होती.

"लागला?" लंबूने दादाला विचारलं. "खरंच लागला?"

"अरे, लागला म्हणजे काय!"

साठी ओलांडलेला तो उंच माणूस कुणाला न जुमानता जागच्या जागी दोन उड्या मारून मोकळा झाला आणि मग गुडघे धरून हसत बसला. नवं शिलाईयंत्र नेमबाईच्या डोळ्यांसमोरून दाराबाहेर चाललं होतं. तिने डॉक्टरीणबाईंच्या मुठीतून दोन्ही गोट्या घेतल्या आणि लंबूच्या रुमालात ठेवल्या.

"मागणार नाही परत," ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं, की हे वाक्य आज पहिल्यांदाच पूर्ण खरं झालं. तिला एकदम हलकं वाटलं.

रविवारी सगळी वरात शाळेच्या हॉलमध्ये पोचली. आत काय नव्हतं! मासे पकडायचे जुने गळ एकाने घासाघीस करत घेतले. विणकामाच्या जुन्या नमुन्यांचं पुस्तक एका बाईने अशा किमतीला उचललं की बेकरीवालीचा घास घशातच अडकला. "अशी तीन पुस्तकं मी पुडे बांधायला फाडली गं," ती रडवेली होऊन म्हणाली. खोक्यातून न काढलेली खेळण्यातली बस बारा हजारांना गेली आणि दादाने जाहीर केलं, की आपण लहानपणी बसशी खेळलो हीच आपली घोडचूक.

नेमबाईच्या बावीस गोट्या आधी निघाल्या. एकेक करत बऱ्या भावाला जात होत्या. त्यांतली शेवटची निघाली ती गुळाच्या खड्यासारखी. लिलाववाल्याने ती दिव्यासमोर धरली आणि आतून सोन्याच्या चुऱ्यासारखं काहीतरी लखलखलं. काचेत अभ्रकाचा चुरा होता! पाच हजार. सहा. मागच्या रांगेतून नऊ. पुढून अकरा. नेमबाईने शेजारी बसलेल्या दादाचा दंड इतका आवळला की तो कळवळला. पंधरा हजारांवर हातोडी पडली.

"ती माझी होती!" दादा उसळून म्हणाला.

"घाणेरडी म्हणालास ना?"

"आठवलं आता."

कोंबडा-कोंबडीची जोडी शेवटी आली. आकडे असे चढत गेले की लंबूने डोळेच मिटून घेतले आणि बेकरीवाली त्याच्या कानात भाव सांगत राहिली. तीस. पस्तीस. दोन म्हातारे गृहस्थ इरेला पेटले होते, एकमेकांकडे बघतही नव्हते. चाळीस. सत्तेचाळीस. बावन्न. आणि हातोडी.

"आजोबा असते तर?" नेमबाईने हळूच विचारलं.

लंबूने डोळे उघडले. "आजोबा? ते तिसावरच विकून मोकळे झाले असते."

हॉलबाहेर पायऱ्यांवर त्याने अर्धे पैसे तिच्यापुढे धरले. तिने हात मागे घेतले. तो म्हणाला, कोंबडा पन्नास वर्षं तू सांभाळलास. ती म्हणाली, सांभाळला कसला, त्याच्यावर पडदे बेतले. पाच मिनिटं ही ओढाताण चालली. शेवटी लंबू म्हणाला, "मग अर्धे डावावर लावतो. उद्या दुपारी."

नेमबाईने आखडलेलं बोट दुसऱ्या हाताने ताणून पाहिलं.

"तीन नाही, पाच नेम," ती म्हणाली. "आणि मी लावणार गोट्यांचे सगळे पैसे."

सोमवारी ती पाचपैकी चार नेम लावून जिंकली. पैसे घेताना तिने जराही आढेवेढे घेतले नाहीत. संध्याकाळी जाऊन मोटरवाल्या यंत्राची ऑर्डर देऊन आली, आणि मंगळवारी दवाखान्याचे पडदे कापायला घेतले तेव्हा लंबू दारात उभा होता. हातात खडूचा नवा तुकडा होता.