समुद्रापर्यंतचा बेलभंडार

अनिलकुमार गाडीवर बसायचा म्हणजे नवरी नटवायचा थाट. आधी गुडघ्यांना त्या काळ्या वाट्या, मग कोपरांना, मग चेनाच चेना असलेलं जाकीट, मग हातमोजे. सगळं चढवून झालं की ध्यानात यायचं, किल्ली पँटच्या खिशातच राहिली. की पुन्हा सगळं उतरवा. त्याची बायको रेणू बाजूला पिशवी घेऊन उभी राहायची आणि बघायची. तिचा बाप इरप्पा जन्मभर मेंढरांमागं जिल्हे तुडवत हिंडला. त्याला निघायला खांद्यावर घोंगडी टाकण्याएवढाच वेळ लागायचा.

ह्या अनिलकुमारांचं मोबाइलवर चॅनेल होतं. नाव, 'बॉर्डरचा वाघ'. बघणारे कोण, तर कमलनगरच्या जीप स्टँडवरची रिकामी पोरं. वाघानं आजवर पाहिलेलं सगळ्यांत मोठं जनावर म्हणजे बायकोच्या कळपातला एडका, आणि तो शिंगं खाली घालून समोर आला की वाघ आईमागं लपायचा. घरात नाही दाणा आणि म्हणे हवालदार म्हणा! पण मोबाइल समोर धरला की आवाज असा फुटायचा जसा काही हाच गाव वसवून बसलाय.

आता मेंढरांचं सांगायला पाहिजे, कारण सगळं रामायण त्यांच्यापायीच झालं. रेणूच्या माणसांत पोरीला लग्नात मेंढ्या देतात. त्या आंदणाच्या. त्यांच्या कानाला बापाच्या घरची खूण असते आणि त्यांची जी काही पिल्लावळ होईल ती पोरीची. सासऱ्याचा हक्क नाही, नवऱ्याचा तर त्याहून नाही. इरप्पानं दिलेल्या दोन मेंढ्यांची रेणूनं बघता बघता चाळीसभर केली होती. बाप गेल्यावर तर तिला ती मेंढरंच माहेर वाटायची. अनिलकुमारला मात्र त्या चाळीस मेंढरांत एक नवी, मोठी, धडधड वाजणारी गाडी दिसत होती.

"मेंढरं काय आजकाल कुनी ठिवतंय का?" तो म्हणायचा. "लोक कुठं जायलेत आनि तू कुठं बसलीस!"

"मी जिथं बसले तिथं दोन येळचं जेवायलाव की तुमी," रेणू म्हणायची. "तवा न्हाई काई म्हनत ते!"

वर्षभर हे चाललं. शेवटी एका रविवारी मैलारच्या मल्लण्णाला गेले असताना, सासू अनसाबाईच्या समोर, ह्यानं देवळात बेलभंडार उचलला. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन म्हणाला, "ह्याच गाडीवर रेणूला समुद्र दाखवून परत आनतो. हँडलला माझाच हात. वाटंत गाडी बंद पडून दुसऱ्या कुनाला वढावी लागली, तर जन्मात मेंढराचं नाव काढनार न्हाई. पन नीट गेलो आनि आलो, तर रेणूनं मेंढरं राजीखुशीनं सोडायची. तवर कुनी मेंढराला हात लावनार न्हाई."

धनगराच्या घरात बेलभंडार म्हणजे शेवटचा शब्द. त्यापुढं कोर्ट नाही, पंच नाही. इरप्पानं आयुष्यात दोनदा उचलला होता आणि दोन्ही वेळा अंगावर आलं तरी पाळला होता. रेणूनं त्यात हात घातला तो वेगळ्याच कारणानं. तिला खात्री होती, हे ध्यान हुमनाबाद ओलांडणार नाही. ज्याला पंक्चर कशाला म्हणतात ते गाडी आडवी झाल्यावर कळतं, तो समुद्र दाखवणार? बोलाचीच कढी, बोलाचाच भात! तिला जायच्या आधीच जिंकल्यासारखं वाटलं. मेंढरांच्या पाठीवरून हात फिरवून, सासूच्या हवाली करून ती मागच्या सीटवर बसली.

पण हुमनाबाद गेलं. कलबुर्गी गेली, विजापूर गेलं, हुबळी गेली. गाडी कुठं म्हणून खोकली नाही. गाडीचं काय, तिला काय माहीत वर कोण बसलंय! दर धाब्यावर वाघ उतरायचा, हेल्मेट काखेत मारायचा आणि मोबाइलला सांगायचा, "दोस्तांनो, रस्ता लई कठीन हाय." रस्ता असा की लोण्यावरून सुरी जावी. रेणू पाठीमागून बघायची आणि मनात म्हणायची, हातभर लाकूड आणि दहा हात ढलपी. रोज संध्याकाळी ती सासूला फोन करायची. मेंढरं कशी आहेत विचारलं की अनसाबाई म्हणायची, "तू मेंढराचं नाव नको काढू माय, सुखानं फिर." रेणूला वाटायचं, म्हातारी मायाळू आहे, जिवाला घोर नको म्हणून बोलते.

अंकोल्याच्या पुढं समुद्र दिसला तेव्हा मात्र रेणू बघतच राहिली. उजव्या हाताला, नारळांच्या मधून मधून, एवढं पाणी! आपल्याकडं टँकरमागं घागरी घेऊन पळायचं आणि इथं हे असं कुणाच्या बापाचं नसल्यासारखं पडलेलं. रस्ता डोंगराला वळसा घालायचा की पाणी लपायचं, पुन्हा वळला की पुन्हा समोर. तिला एकदम वाटलं, कुणाला तरी दाखवावं, 'बघा की, केवढं हाय!' म्हणून सांगावं. पुढं नवरा होता. त्यानं गाडी थांबवली, समुद्राकडं पाठ केली आणि स्वतःचा फोटो काढला. झालं. समुद्र बघून झाला.

आणि मग तिच्या ध्यानात आलं. समुद्र तर दाखवून झाला होता. आता नुसतं परत जायचं होतं, आणि गाडी काही बंद पडायचं नाव घेत नव्हती. कुमट्याच्या लॉजवर रात्री तिला झोप लागली नाही. डोळे मिटले की एकेक मेंढी मान वळवून तिच्याकडं बघायची.

दुसऱ्या दिवशी, परत वळायच्या आधी थोडा किनारा बघू म्हणून निघाली, तर होन्नावरच्या अलीकडं कोळ्यांची एक वस्ती लागली. समुद्र लांब मागं सरकलेला, आणि ओली वाळू फरशीसारखी टणक, मैलभर मोकळी. वाघाला अवसान आलं. गाडी थेट खाली घातली, पार पाण्याच्या कडेपर्यंत नेली, दोन गिरक्या घेतल्या आणि तिथंच, समुद्राकडं तोंड करून, स्टँडखाली चपटा दगड सरकवून उभी केली. म्हणाला, "उन्हं उतरली की हितंच येऊन शूटिंग करू. गाडी आनि समुद्र. गाव पागल होनार!"

वर वाळूत मासळी वाळत घालणारी एक बाई बसली होती. ती कानडीत ओरडली, "अण्णा, गाडी वर घ्या! पाणी येतंय आता."

अनिलकुमार हसला. आभाळाकडं बोट दाखवून म्हणाला, "कुठनं येनार अक्का? ढगाचा तुकडा न्हाई!"

खरं सांगायचं तर रेणूलाही ते पटलं. त्यांच्याकडं मांजरा नदीला पाणी येतं ते वर कुठंतरी पाऊस पडला तर. बिनपावसाचं पाणी चढतं हे शाळेच्या पुस्तकात दोघांनी वाचलं असेल, पण पुस्तकातलं खरं असतं असं कोण धरून चालतं? ती बाई कपाळावर हात मारून पुन्हा मासळी पसरायला लागली.

दोघं वरच्या खाणावळीत, नारळाच्या झापाखाली जेवायला बसली. वाघाला मासळीचा वास सोसवेना, म्हणून त्यानं डाळभात मागवला, त्यात नारळ निघाला म्हणून नाकं मुरडली, आणि खाटेवर आडवं होऊन चॅनेलवर लाइव्ह सुरू केलं. "दोस्तांनो, समुद्र म्हंजी काय, तर ह्यो आपल्या तळ्याचा मोठा भाऊ. भ्यायचं न्हाई." पाठ अर्थातच समुद्राकडं.

रेणूचं तोंड समुद्राकडं होतं. आधी तिला वाटलं, नजरेचा खेळ असेल. मघाशी कोरडा होता तो खडक ओला दिसत होता. मग तो दिसेनासाच झाला. पाण्याची एक जीभ आली, गाडीच्या पुढच्या चाकाला लागून मागं गेली. मग दुसरी आली, ती मागं गेलीच नाही.

तिचा घास हातातच राहिला. नुसतं "आवो" म्हणायचा अवकाश होता. हा पळत गेला असता, गाडी वर आली असती, परवा कमलनगरला पोचली असती, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी व्यापारी दारात टेम्पो घेऊन उभा. रेणूनं घास तोंडात घातला. चावला. गिळला. आणि ताटात अजून भात वाढून घेतला. नवऱ्याची वस्तू डोळ्यांदेखत बुडते आणि आपण जेवतोय, ह्याची तिला जराशी लाज वाटली. पण जराशीच.

दगडाखालची वाळू धुपली आणि गाडी आडवी झाली तेव्हा कोळ्याची पोरं ओरडली. वाघ उठला, वळला आणि त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून झापवाल्याचं कुत्रं खाटेखाली गेलं. लाइव्ह चालूच होतं. जाकीट, वाट्या, हातमोजे, सगळ्यासकट तो पाण्यात धावला. एक लाट आली, ह्याला पाडून गेली. उठला, दुसरी आली. शेवटी चौघं कोळी दोर घेऊन उतरले आणि गाडीला बांधून ओढायला लागले. दुसऱ्याच्या हातांनी, दुसऱ्याच्या दोरानं! सगळं मल्लण्णाच्या आणि कमलनगरच्या साक्षीनं.

रेणूला असं हसू आलं की तिनं पदर तोंडात कोंबला. अंगातलं वर्षभराचं ओझं उतरलं होतं. अनिलकुमार पाण्यातूनच ओरडला, "रेणू, आईला फोन नको लावू! ऐकलीस का? आईला काय सांगू नको!"

मग तर तिनं लावलाच.

"आत्या, गाडी समुद्रात पडली! लोक दोरानं वढायलेत. आता मेंढराचं नाव काढायचं न्हाई म्हना तुमच्या लेकाला. मैलारला बोललेत ते."

पलीकडनं अनसाबाई हळूच म्हणाली, "कोनती मेंढरं गं माय?"

"माझी. दुसरी कोनती?"

"ती तर तुमी निघालाव त्याच दिवशी गेली की. शंकरप्पा व्यापाऱ्यानं दुपारीच टेम्पो आनला. अनिल म्हनला, रेणू राजी झाली, पन तिला डोळ्यानं बघवनार न्हाई, तवा आमी गेल्यावर भरा, आनि फोनवर इषय काढू नका, रडंल ती." म्हातारी घाईघाईनं सांगायला लागली. "चढतच नव्हती गं. मग अनिल म्हनला व्हता तसं केलं. रेणूनंच सांगितलंय म्हनला, तिचं हिरवं लुगडं नेसा. नेसले आनि पुढं झाले. तशी चढली सगळी. माझ्यामागं. तूच सांगितलीस न्हवं?"

रेणूनं फोन कानावरून खाली घेतला. पलीकडनं म्हातारी "रेणू, रेणू" करत होती.

हुमनाबादला हा आपल्याला भजी खा म्हणून आग्रह करत होता, तेव्हा तिकडं मेंढरं तिच्या लुगड्याच्या वासामागं टेम्पोत चढत होती. समुद्र, गाडी, पैज, सगळं तिला घरातून हलवायला. ती असती तर कुणाची छाती नव्हती त्यांना हात लावायची. आणि आपण काय करत होतो? मागं बसून त्याच्या हातमोज्यांना हसत होतो. येडपट म्हणून त्याला इतकं खालचं धरलं की येडपट माणूसही चोरी करू शकतो, हे डोक्यातच आलं नाही. तिला त्याच्यापेक्षा स्वतःचा राग आला, आणि तो राग कुठं ठेवावा ते तिला कळेना.

अनिलकुमार पाण्याबाहेर आला. जाकिटातून पाणी गळत होतं, एका गुडघ्याची वाटी वाहून गेली होती. तिच्या हातातला फोन आणि तिचं तोंड बघून त्याला समजलं.

"मी सांगनारच व्हतो," तो म्हणाला. "नवी गाडी आली की तुलाच पैलं बसवनार व्हतो."

"बेलभंडार उचलला व्हता तुमी."

त्यानं इकडं तिकडं बघितलं, तोंडावरची वाळू पुसली. "आता तू बी काय धरून बसलीस! हळदच तर व्हती."

रेणूनं त्याच्याकडं पाहिलं. शिवी तोंडाशी आली होती, पण शिवी द्यायची तरी समोर कुणीतरी माणूस लागतं. तिनं वाकून आपली पिशवी उचलली, पायांची वाळू झटकली आणि वर रस्त्याच्या दिशेनं चालायला लागली. मागून तो हाका मारत राहिला, मग कोळी त्याला दोर धरायला बोलवायला लागले.

मासळीवाली बाई सगळं बघत होती. रेणू जवळून जायला लागली तसं तिनं विचारलं, "तो तुझा नवरा का गं?"

"न्हाई अक्का," रेणू म्हणाली. "आमच्या गावाकडचाय. हितं बस कुठं थांबते?"