नदीकाठी उतरायचं तर कुठं

जुलै लागला की तालेक गावाला श्वास घ्यायची फुरसत राहत नाही. खालून, टांझानियाच्या अंगानं, नू येतात. दाढीवाली, उतरत्या पाठीची ही रानगुरं लाखांनी येतात, आणि त्यांच्या मागं त्यांना बघायला माणसं येतात. नूंना कुठं उतरायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. माणसांना लागतं, आणि ती सिलांतोईला विचारत.

खाटकाच्या दुकानाला लागून पत्र्याची एक खोली होती, तीच कचेरी. मालक गिथिंजी नैरोबीचा, जातीनं किकुयू, माणूस सरळ. नदीकाठच्या रानात त्याचे दोन कॅम्प होते आणि गावात आल्यागेल्याची सोय बघायला सिलांतोई. फोन घ्यायचा, काय हवं ते ऐकायचं आणि माणसाला योग्य जागी पाठवायचं. काम तिला तोंडपाठ होतं. मोठ्या हॉटेलात पोहायला तलाव मिळतो, पण नदी गाठेपर्यंत ऊन डोक्यावर येतं आणि तोवर नू पलीकडे निघून गेलेले असतात. गावाजवळ उतरलात तर खर्च कमी, पण गाड्यांच्या रांगेत तुम्ही शेवटी. तुम्हाला खरोखर पार होणारे कळप बघायचे असतील, पहाटे तंबूच्या दारातून त्यांचं हंबरणं ऐकायचं असेल, तर मग...

या 'तर मग'पाशी तिचं गाडं अडे. कारण पुढं कॅम्पचं नाव घ्यायचं असे, आणि ते नाव तिच्या नवऱ्याचं होतं.

नवरा मागच्या हंगामात गेला. वाटाड्या होता, या भागातला नावाजलेला. नदीच्या वरच्या वळणाशी दुसऱ्याच कुणाची तरी गाडी रुतली होती, ती ढकलायला हा उतरला आणि पायाखालची दरड सुटली. पाण्यात, दोन वळणं खाली सापडला. त्याच्या गाडीतले पाहुणे वर बसून बघत राहिले. त्यांना तरी काय करता येणार होतं म्हणा.

आता मासाईंची रीत अशी, की म्हातारा माणूस पोराबाळांत, गुराढोरांत भरून पावून गेला तर त्याचं नाव नातवंडांना ठेवतात. पण अकाली गेलेल्याचं नाव त्याच्याबरोबर पुरतात. घरात ते पुन्हा कुणी उच्चारत नाही. चुलत घराण्यात त्याच नावाचा एक पोरगा होता, त्याला आठवड्याच्या आत दुसरं नाव मिळालं. इतकी वर्षं या लोकांत काढल्यावर मलाही ते अंगवळणी पडलंय, तेव्हा मीही आपलं 'नामेलोकचा बाप' म्हणतो. नामेलोक ही त्यांची एकुलती एक मुलगी, नारोकच्या शाळेत राहून शिकणारी.

गिथिंजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो माणूस मयताला आला, लहान मुलासारखा रडला, आणि पुढच्या पावसात वरच्या वळणाशी त्यानं नवा कॅम्प उभारला तेव्हा त्याला गेलेल्याचं नाव दिलं. चांगल्या लाकडाची पाटी करून आणली. वर सिलांतोईचा हात धरून म्हणाला, आता हा माणूस इथून कुठं जात नाही. कॅम्पवरची मासाई माणसं माना खाली घालून उभी राहिली. कुणी बोललं नाही. बोलणार कसं? कुणी मानानं दूध आणलं आणि ते नासकं निघालं, तर तोंड वाकडं करायचं नसतं. त्या दिवसापासून ती माणसं त्या कॅम्पला नुसतं 'वरचा' म्हणू लागली आणि मोकळी झाली.

आणि सिलांतोई? तिला पाटी बघून काही म्हणता काही वाटलं नाही. राग नाही, रडू नाही, बरंही नाही. खरं सांगायचं तर वर्षभर तिला कशाचंच काही वाटलं नव्हतं. डोकं भादरलं तेव्हा वाटलं नाही, कानातली पितळेची कडी उतरवली तेव्हाही नाही. बायका आपसात म्हणत, दगड झाली हो ही. ती ते ऐके आणि मनात म्हणे, असेल. सकाळी उठे, चहा करी, कचेरी उघडे. ईमेलमध्ये ते नाव लिहायला तिला काही त्रास नव्हता. हात लिहीत, ती बाजूला बसलेली असे. तोंडानं मात्र म्हणता येत नव्हतं, कारण कचेरीच्या दारात सासू बसलेली असे.

सासूचं नाव कुणी घेत नसे. सून तर नाहीच. लग्नात सासूनं सुनेला मेंढी दिली की त्या दोघी एकमेकींना जन्मभर 'पाकेर' म्हणतात, मेंढीच्या नात्यानं. हंगामात म्हातारी मण्यांच्या माळा घेऊन दारात बैठक मारी. पाहुणे आले की माळ पुढं करी, नाही घेतली की मागून त्यांच्या चालीची नक्कल करी आणि खाटकाला हसवी. पोरगा गेल्यापासून नकला बंद होत्या. माळा ओवायची, संध्याकाळी त्यातल्या काही उसवायची. सुनेशी बोलणं कामापुरतं. दोघी एका छपराखाली राहत, एका चुलीवर जेवत, आणि ज्याच्यामुळं एकमेकींच्या झाल्या होत्या त्याचा शब्द दोघींच्या तोंडी नव्हता.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. वरच्या वळणाशी पाटीवर काय लिहिलंय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी तो वरचा कॅम्प होता, बास.

सिलांतोईनं मग एक युक्ती काढली होती. फोनवर ती म्हणे, "आमचा वळणावरचा कॅम्प." भागून जात होतं. पण नदी काय एकाच ठिकाणी वळते? ऑगस्टच्या सुरुवातीला किसुमूहून एक कुटुंब आलं, तीन पिढ्यांचं. त्यांच्यातल्या म्हातारीची ऐंशीव्या वर्षीची हौस म्हणून निघालेलं. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, वळणावरचा. ड्रायव्हर बाहेरचा, त्यानं खालच्या वळणावरच्या दुसऱ्याच कुणाच्या तरी तंबूंपाशी नेऊन सोडलं. तिथं जागा होती, माणसं उतरली, आणि दोन दिवस रिकाम्या नदीकडं बघत बसली. त्याच दोन दिवसांत वरच्या वळणाला कळपांवर कळप पार झाले. पाण्याचा रंग बदलला होता म्हणे. परतीच्या वाटेवर त्या म्हातारीनं कचेरीत येऊन एवढंच विचारलं, की बाई, आम्ही तुमचं काय वाकडं केलं होतं? सिलांतोईनं माफी मागितली. माफी मागतानाही तिला काही वाटलं नाही, आणि हे तिचं तिला कळलं तेव्हा ती जराशी घाबरली.

गिथिंजी दुसऱ्या दिवशी हजर. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला की चूक होते माणसाकडून, पण मी चार जणांना विचारलं, तू कॅम्पचं नाव सांगतच नाहीस. का सांगत नाहीस? एवढं साधं नाव. त्याचंच नाव.

सिलांतोईनं दाराकडं पाहिलं. सासू मणी ओवत होती. दोघांचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं, त्यातलं तिला काही कळत नव्हतं.

रीत काय आहे ते सांगून टाकलं असतं तर विषय तिथंच संपला असता. गिथिंजीनं त्याच दिवशी पाटी उतरवली असती, असला तो माणूस. पण तिनं सांगितलं नाही. का, ते तिलाही धड कळलं नाही. पाटी उतरली तर ते नाव जगातून उठणार होतं. घरातून गेलंच होतं. आता उरलं होतं ते तेवढ्या लाकडावर आणि लांबलांबच्या, त्याला कधी न पाहिलेल्या माणसांच्या तोंडी. ते राहावं असं तिला वाटत होतं, आणि आपल्या तोंडून ते निघू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं जमायचं?

"हे बघ सिलांतोई," गिथिंजी उठता उठता म्हणाला, "तू घरची आहेस. पण पुढच्या आठवड्यात माझी भाची येतेय नैरोबीहून. तोवर तुला फोनवर ते नाव सांगणं जमलं तर ही खुर्ची तुझी. नाहीतर मी तिला बसवीन. तुला दुसरं काहीतरी देईन, उपाशी ठेवणार नाही."

दुसरं काहीतरी म्हणजे वरच्या कॅम्पवर तंबूंच्या चादरी धुणं. त्या दरडीखाली, त्याच पाण्यात. तिला ते समजलं. खुर्ची गेली तर नामेलोकची शाळाही जाणार होती, तेही समजलं. ती "बरं" म्हणाली.

दोन दिवस तिनं संधी बघितली. फोन आले, पण सासू दारात. सासूपुढं ते नाव घेणं म्हणजे तिच्या अंगावर निखारा टाकणं. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी चहाचा थर्मास भरून आणायला पलीकडच्या खानावळीत गेली आणि तेवढ्यात फोन वाजला.

एल्डोरेटहून कुणी म्हातारे गृहस्थ बोलत होते. पोरांनी पैसे जमवून आईबापाला सहलीला पाठवायचं ठरवलं होतं, पण मी बायकोला कुठंही नेऊन टाकणार नाही, नीट विचारल्याशिवाय नाही, असं त्यांचं म्हणणं. सिलांतोईनं नेहमीचं सगळं सांगितलं. मोठं हॉटेल, गावाजवळची जागा, नदीकाठचं रान. गृहस्थ ऐकत होते, मधूनच बायकोला ओरडून सांगत होते. शेवटी म्हणाले, "तू खूप सांगितलंस बाळ. आता एक नाव सांग. मी पेन घेऊन बसलोय."

तिनं दाराकडं पाहिलं. दार रिकामं होतं. बाहेर ऊन आणि कुणाची तरी गाढवं.

"सिरोंका," ती म्हणाली.

"काय? ऐकू येत नाही."

"सिरोंका."

"रोंगा?"

हंगामात तालेकची लाइन म्हणजे काही विचारू नका. सिलांतोई उभी राहिली, फोन तोंडाशी धरला आणि ओरडली, "सिरोंका! सि... रों... का!" पत्र्याच्या खोलीत ते नाव घुमलं. घशात काहीतरी टोचलं, मासळीचा काटा अडकावा तसं. दुखलं. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी दुखलं, आणि गंमत बघा, तिला आधी वाटलं की घसाच बसला असणार.

"हां, सिरोंका," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "सुंदर नाव आहे." त्यांनी ते बायकोलाही ओरडून सांगितलं. मग कधी येऊ, किती दिवस, सगळं ठरलं आणि फोन बंद झाला.

ती वळली तर दारात सासू उभी होती, हातात थर्मास.

म्हातारीनं किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती. चेहराच सांगत होता. अशा वेळी सासवा काय करतात तिनं पाहिलेलं होतं. थुंकतात, घर सोडून जातात, सुनेच्या हातचं पाणी घेत नाहीत.

म्हातारी आत आली. थर्मास टेबलावर ठेवला आणि गिथिंजी बसला होता त्या खुर्चीवर बसली. या खोलीत ती खुर्चीवर कधी बसली नव्हती.

"कुणाला सांगत होतीस?" तिनं विचारलं.

"पाहुण्याला, पाकेर. एल्डोरेटचा आहे." आता लपवून उपयोग नव्हता. "वरच्या कॅम्पचं ते नाव आहे. मालकानं दिलंय. पाटीवर लिहिलंय."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

म्हातारीनं मान हलवली. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"म्हणजे हे लोक म्हणतात ते? लांबून फोन करून?"

"म्हणतात."

"रोज?"

"रोज, पाकेर. दिवसभर विचारतात, तिथं जागा आहे का म्हणून."

म्हातारीनं थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला. थोडा टेबलावर सांडला. पेला तिनं सुनेपुढं सरकवला. स्वतःला घेतला नाही. सिलांतोईनं घोट घेतला, घसा पुन्हा दुखला आणि डोळ्यांना पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. दोघी त्याच्याकडं बघत राहिल्या. तो वाजत राहिला.

"घे," सासू म्हणाली. "आणि त्याला ऐकू नाही आलं, तर पुन्हा सांग."