रहाटावर चढलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, आणि माझी गोष्ट एका पत्रापासून सुरू होते. पत्र मला आलेले नव्हते. मोटारींना कोण लिहिणार? ते माझ्या मालकांना आले होते आणि त्यांनी तीन वर्षे त्याचे उत्तर दिले नव्हते. खरे तर अशी गोष्ट जन्मापासून सांगायची रीत आहे. पण मला ती नीट सांगता येईल की नाही याची शंकाच आहे, म्हणून जिथे दुखते तिथूनच सुरुवात करते.

पत्र त्यांच्या वहिनींचे होते. वहिनी दूर, लेकीकडे राहतात. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून जे काही असेल ते पत्राने. मालकांनी ते माझ्याजवळ उभे राहून हळू आवाजात वाचले. "भाऊजी, सगळं ठीक ना? यांची गाडी कशी आहे? अधूनमधून डोळ्यांसमोर येते. सवडीने कळवा." एवढेच. तेव्हापासून मीही मालकांना मनातल्या मनात भाऊजी म्हणते.

'यांची गाडी' म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची, दादांची. दादा गुरांचे डॉक्टर होते. कारखान्यातून निघाले तेव्हा मी फिक्या निळ्या रंगाची होते आणि थोडी शिष्टही होते. पहिल्याच महिन्यात माझ्या मागच्या सीटवर एक आजारी वासरू बसून गेले. माझा तोरा तिथेच उतरला. पुढची बावीस वर्षे मी चिखलातून, खडीतून, ओढ्यातून दादांना गोठ्यांपर्यंत नेले. मी दिसले की लोक म्हणत, "डॉक्टर आले." आत डॉक्टर आहेत की नाहीत हे नंतर बघत. एवढा मान फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला येतो. त्या लोकांची मी आजही ऋणी आहे.

मग दादा गेले. वहिनी लेकीकडे निघाल्या तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, गाडीची काळजी करू नका. माझ्याकडे सुखरूप राहील."

भाऊजी म्हणजे देवमाणूस. वाचनालयातली फाटकी पुस्तके शिवण्यात आणि बांधण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, आणि दुसऱ्याच्या हाती द्यायला मन धजत नव्हते. त्यांनी मला घरामागच्या शेडमध्ये ठेवले, वर ताडपत्री घातली, आणि दर रविवारी येऊन त्या ताडपत्रीवरून हात फिरवला. ती उचलून मात्र कधी पाहिली नाही. शेडचा पत्रा नेमका माझ्यावर गळत होता. पाणी ताडपत्रीखाली शिरायचे आणि पाहुण्यासारखे मुक्काम ठोकायचे. नऊ वर्षांनी पत्र आले तेव्हा कुठे भाऊजींनी ताडपत्री काढली आणि माझ्या दाराखालच्या पट्टीवर बोट टेकवले. बोट आरपार गेले.

"आधी हिला नीट करतो, मग लिहितो," असे ते पुटपुटले. भल्या माणसांना खोटे लिहवत नाही आणि खरे लिहायचा धीर होत नाही. मग अशी माणसे पुस्तके वाचत बसतात. भाऊजींनी गाड्यांच्या दुरुस्तीवरची अकरा पुस्तके वाचली. माझा एक बोल्टही हलला नाही.

शेवटी गल्लीतला एक वेल्डर मदतीला आला. तो लोखंडी फाटके बनवतो, म्हणून सगळे त्याला फाटकवालाच म्हणतात. दोघांनी मिळून माझे इंजिन, चाके, सीटा आणि काचा उतरवल्या. फाटकवाला दारांना हात घालणार, तोच भाऊजींनी त्याला थांबवले.

"आधी दारांच्या चौकटींना आडवे पाइप जोडा. पुठ्ठा सुटलेलं पुस्तक आधाराशिवाय उघडलं की पाठ मोडते."

"अहो, गाडी आहे ही. पोथी नाही."

"पाठ दोघींनाही असते."

फाटकवाल्याने डोके खाजवले आणि पाइप जोडले. आज माझा सांगाडा वाकलेला नाही, तो त्या एका वाक्यामुळे.

मग त्यांनी रहाट बांधला. हे नाव फाटकवाल्यानेच दिलेले. दोन लोखंडी घोड्या, एक माझ्या नाकाशी, एक शेपटीशी. बंपर जिथे बसतात तिथे मला दोन्हीकडून बोल्टांनी धरले आणि मधल्या आसावर टांगले. म्हणजे मला कुशीवर, पालथे, हवे तसे वळवता येईल आणि पोटाखालचे काम उताणे न पडता करता येईल. वळवल्यावर जागीच अडकवायला एक लोखंडी खीळ होती.

सगळी मेख तोलात होती. आस खाली बसला तर मी डोक्याकडून कलंडणार, फार वर बसला तर वळता वळणार नाही. मला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना भाऊजींनी ओळीने भोके पाडून घेतली होती. एकेक भोक बदलत त्यांनी सात वेळा तोल पाहिला. आठव्यांदा मी एका बोटाने डुलू लागले.

"जमलं," फाटकवाला म्हणाला.

"कितवं भोक ते लिहून ठेवतो," म्हणत भाऊजींनी वही काढली.

पण दोघांनी मला तोलले होते ते पोटातल्या मातीसकट. मला ते ठाऊक होते. सांगू कशी?

फाटकवाल्याने मला वळवायला घेतले. अर्ध्यावर आले आणि पोटाच्या पोकळ्यांतून माती सुटली. बावीस वर्षांच्या वाटांची माती, गंजाचे पापुद्रे, उंदरांची घरे, सगळे भसाभसा खाली आले. तळ हलका झाला, छत जड झाले आणि मी गर्रकन फिरले.

"खीळ घाला, खीळ."

"वहीत आहे."

"वहीत काय करतेय ती?"

"खूण म्हणून ठेवली, पान चुकू नये..."

एक घोडी एका पायावर उचलली गेली. फाटकवाल्याने अख्खे अंग तिच्यावर टाकले. तो अंगाने चांगला भरभक्कम आहे, याबद्दल मी देवाचे आभार मानले. दोन झोके खाऊन मी थांबले ती पालथीच. भाऊजींनी वहीतून खीळ काढून घातली.

मग दोघांनी माझे पोट पाहिले. त्याची चाळणी झाली होती. भोकांतून खालचे छत दिसत होते.

भाऊजी एका खोक्यावर बसले. "दादाची गाडी मी घालवली हो. वहिनींना शब्द दिला होता. आता काय लिहू?"

फाटकवाला हातोडीने ठोकत राहिला. कुठे भद्द आवाज येई, कुठे टण्. "इकडे या, ऐका. या दोन लांब तुळया वाजतायत. हाडं शाबूत आहेत. कातडं गेलंय. ते मी घालीन." मग त्याचा हात थांबला. "आणि हे काय?"

दादा बसत त्या जागेच्या बरोबर खाली डांबराचा एक थर होता. खरवडल्यावर आत पत्र्याचे ठिगळ निघाले. गुरांच्या औषधाच्या डब्याचा पत्रा होता तो. अर्धी अक्षरे अजून वाचता येत होती.

"डॉक्टरसाहेबांनाही भोक माहीत होतं की," फाटकवाला म्हणाला.

"मला कधी बोलला नाही."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

मित्रांनो, ते ठिगळ दादांनी एका दुपारी, वहिनी बाहेर गेल्या असताना लावले होते. "पुढे नीट करून घेऊ," असे मला सांगत होते. भाऊजी बराच वेळ त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी वहीतले एक पान फाडले. पुस्तके बांधणाऱ्या माणसाला पान फाडताना मी पहिल्यांदाच पाहिले.

लिहून झाल्यावर त्यांनी मोठ्याने वाचले. "वहिनी, उत्तराला तीन वर्षं लावली, माफ करा. शब्द दिला होता, पण मी ताडपत्री उचलून पाहिलं नाही. गाडीचा तळ गंजून गेला. आज ती उलटी टांगली आहे आणि आम्ही नवा पत्रा घालणार आहोत. दादाने लावलेलं एक ठिगळ सापडलं. तुम्हाला हवं असेल तर जपून काढून पाठवतो. गाडी पुन्हा चालेल की नाही, मला माहीत नाही."

"चालेल असं लिहा की," फाटकवाला म्हणाला.

"चालली की लिहीन."

मित्रांनो, मी काही शहाणी नाही. पण ज्याच्यावर जीव आहे त्याच्यावर नुसता वरवर हात फिरवू नका. कधीतरी वाकून तळही पाहा. आणि जे दिसेल ते, वाईट असले तरी, वेळेवर सांगून टाका. माझा तळ पाहायला उशीर झाला खरा, पण शेवटी कुणीतरी पाहिले. सगळ्याच जुन्या गाड्यांचे नशीब एवढे चांगले नसते.

त्या दुपारी दिव्यांच्या रिकाम्या खोबणींतून मला शेडच्या दारापलीकडची मागची गल्ली उलटी दिसत होती. भाऊजी पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले, पाकीट आत टाकले आणि ते अडकले तर नाही ना, म्हणून फटीतून वाकून पाहिले. मग शर्टाच्या बाह्या दुमडत परत आले.

"टाकलं?" फाटकवाल्याने विचारले.

"टाकलं."

"तिकीट लावलं होतं ना?"

"दोन लावली. एकाचा भरवसा वाटेना."