कोरी फीत

दुपारी फुलांच्या दुकानात अशी एक वेळ येते की माणूस जागा आहे की झोपलाय, हे त्याचं त्यालाच सांगता येत नाही. शटर अर्धं खाली ओढलेलं असतं. बादल्यांतल्या देठांना पाणी चढत असतं, त्याचाही आवाज येतोय असं वाटत राहतं. मागच्या थंड खोलीचं मशीन एका सुरात घुमतं, तिच्या काचेच्या दारावर धुकं धरतं आणि त्या धुक्याआड पांढरी फुलं उभी असतात, कुणी हाक मारायची वाट बघत असल्यासारखी.

मालकीणबाई या वेळी स्टुलावर बसून गुलाबांचे काटे काढायच्या. डोळे मिटले तरी हात चालू. त्यांच्या नाकावर बसायची माशीची छाती नव्हती, आणि तोंडाचा पट्टा असा की फुलबाजारातले व्यापारी त्यांना भाव सांगायच्या आधी घसा साफ करून घेत. शाळा मात्र बेताचीच. अक्षराला अक्षर जोडून वाचायच्या. पाटी वाचून होईस्तोवर पाटीखालचं दुकान बंद होतं, असं त्या स्वतःच सांगायच्या. म्हणून पुस्तक नात वाचत होती आणि त्या ऐकत होत्या.

पुस्तक सध्या सगळं शहर वाचत होतं. एका टोळीच्या म्होरक्याची गोष्ट. पुस्तकात त्याचं नाव सरदार. उंच, कमी बोलणारा, पांढऱ्या सुटातला. आता त्यावर सिनेमाही येणार होता.

"'सरदारनं कधी कुणाचा अपमान केला नाही,'" नात वाचत होती. "'ज्याला संपवायचं, त्यालाही तो फुलांनी निरोप देई. घरच्यांनी दार उघडावं, तर उंबऱ्याशी पांढरं पुष्पचक्र आणि त्याला कोरी फीत. मरणाला नाव नसतं, असं सरदार म्हणे.'" तिनं पुस्तक छातीशी धरलं. "किती सुंदर आहे ना, आजी?"

"उंबऱ्याशी ते ठेवतं कोण?"

"काय?"

"चक्र. पाय फुटून येतं का ते?"

"ते नाही लिहिलेलं. ते असतंच तिथं."

"आणि बांधतं कोण?"

"आजी, तू ना, हिशोबनिसासारखी ऐकतेस गोष्ट."

"बांधणाऱ्यासारखी ऐकते," मालकीणबाई म्हणाल्या. "मी बांधतेच ना."

नात हसली. ती हसली की तिच्या बापाचे गाल दिसायचे, आणि मालकीणबाईंना नजर गुलाबाकडे न्यावी लागायची.

मग नातीनं मनातली गोष्ट बाहेर काढली. सिनेमाच्या पहिल्या खेळाला तिचा वाचकांचा कंपू जाणार होता. थिएटरच्या दाराशी तसंच पुष्पचक्र उभं करायचं, भलंमोठं, पांढरं, कोरी फीत लावून. लोक त्याच्यापाशी उभं राहून फोटो काढणार. चक्राची जबाबदारी हिनं अंगावर घेतली होती. टेबलावर तारेचं कडं आणून ठेवलेलंसुद्धा होतं. शेजारी शेवंती काढून ठेवली होती आणि पांढरी रिबीन.

"बांधणार कोण ते?" मालकीणबाईंनी विचारलं. उत्तर काय येणार हे त्यांना आधीच कळलं होतं.

"आई. बाजारातले जुने लोक म्हणतात, चक्र बांधावं तर तिनंच. मी जन्मल्यापासून तिनं एकही बांधलेलं नाही. हात दुखतो म्हणते. माझ्यासाठी एक बांधेल की. आता येईलच ती हॉटेलची फुलं पोचवून, आली की सांगते."

मालकीणबाईंच्या हातातला चाकू थांबला.

नातीला आयुष्यभर सांगितलं होतं की तिचा बाप टेम्पोखाली गेला. उतारावर टेम्पो सुटला, तो अडवायला गेला, संपलं. ती तेव्हा पोटात होती. हे असंच सांगायचं असं तिच्या आईनं ठरवलं आणि मालकीणबाईंनी शब्द दिला. पोर भीती न बघता वाढू दे, एवढंच लेकीचं म्हणणं. पोर खरंच तशी वाढली. इतकी निर्भय की ज्यानं तिच्या बापाला मारलं त्याचं पुस्तक उशाशी घेऊन झोपत होती. आता ती आईच्या हाती ते कडं देणार होती. आई नाही म्हणू शकणार नव्हती. कारण सांगावं लागलं असतं. ती बांधत बसली असती, मुकाट, आणि पोरीकडे बघून हसलीही असती.

"तू दुसऱ्या कुणाकडून करून घे," मालकीणबाई म्हणाल्या. "नाहीतर फुगे लावा. फुगे छान दिसतात."

"फुगे? सरदारच्या सिनेमाला?"

"मेला त्याच्यात फुग्यासारखाच वारा भरलेला आहे."

"तुला तो आवडायला लागलाय, हे मला माहितीये," नात म्हणाली. "काल तूच म्हणालीस, पुढचं वाच."

ते खरं होतं, आणि तेच टोचलं. नात पुढचं वाचू लागली. शब्द असे मऊ, एकामागून एक येत होते, की मालकीणबाईंची मान छातीवर कधी आली ते कळलं नाही.

स्वप्नात दुकान हेच होतं, फक्त भिंती फुलांच्या होत्या आणि हलत होत्या. शटर आपसूक वर गेलं. दारात तो उभा होता. उंच, पांढरा सूट, हातात टोपी. चेहऱ्यावर असं दुःख की कुणीही त्याला बसायला द्यावं. मालकीणबाईंनी स्टूल पदरानं पुसलं आणि पुढे केलं. 'बसा ना, दमला असाल,' त्या म्हणाल्या. तो बसला. त्यानं एक शेवंती उचलून हुंगली, आणि मालकीणबाईंना वाटलं, किती चांगल्या घरचा दिसतो हा. मागे कुणीतरी क्रेट उचलून थंड खोलीत जात होतं. ते वळेल आणि तोंड दिसेल म्हणून त्यांनी मान लांब केली, पण पांढरा सूट मध्ये येत होता. इकडे झुकावं तर इकडे, तिकडे झुकावं तर तिकडे. जावयाचं तोंड काही दिसेना.

त्या दचकून जाग्या झाल्या. आपण त्याला बसायला दिलं. ज्याला उभ्या जन्मात पाणी विचारलं नसतं, त्याला. पुस्तकानं आपल्या डोक्यात शिरून तोंडं बदलून टाकली.

"आजी, काय झालं गं?"

"तो उंच नव्हता," मालकीणबाई म्हणाल्या.

"कोण?"

"तुझा सरदार. त्याला गोड्या म्हणायचे. बुटका. लिमलेटच्या गोळ्या चघळून दात किडलेले, आगकाडीनं कान कोरायचा आणि ती काडी परत पेटीत ठेवायचा. कमी बोलायचा ते तोंडात गोळी असायची म्हणून."

नातीला आधी गंमत वाटली. "तू बघितलंयस त्याला? आणि मला आज सांगतेस?"

"पुस्तक मीट. बोट ठेवू नकोस खुणेला, नुसतं मीट."

असा आवाज नातीनं घरात कधी ऐकला नव्हता. तिनं पुस्तक मिटलं.

"त्या पुस्तकात चक्र आपलं आपण येतं. इथं ते आपल्या दुकानातून जायचं. गोड्याचा माणूस यायचा. मोठं चक्र, पांढरं, फीत कोरी ठेवा, एवढंच बोलायचा. फीत कोरी का, तर ज्याचं नाव लिहायचं तो अजून कुठंतरी चहा पीत बसलेला असायचा. नाव लिहिलं तर बोभाटा होईल ना. मरणाला नाव नसतं म्हणे. नाव होतं, आम्हाला विचारायची सोय नव्हती. कोरी फीत मागितली की सगळी गल्ली मान खाली घालायची आणि घरातली माणसं मोजायची. नाही बांधत म्हणावं, तर पुढची फीत आपली."

"आजी."

"ऐक. तुझा बाप आपला टेम्पो चालवायचा. गोड्याची माणसं त्याला म्हणाली, फुलांच्या क्रेटखाली आमच्या पेट्या ने. तो नाही म्हणाला. शूर होता म्हणून नाही, हां. तुझा बाप पालीला घाबरायचा. तो म्हणाला, खाली पेट्या ठेवल्या तर वरची फुलं चिरडतील. खरंच एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यांना वाटलं, टिंगल करतो आपली."

नातीनं पुस्तक मांडीवरून खाली ठेवलं. थंड खोलीचं मशीन थांबलं, मग कण्हत परत सुरू झालं.

"मग एक दिवस चक्र सांगितलं. पांढरं, कोरी फीत. त्या दिवशी शेवंती अशी टपोरी आली होती की हात लावून मळवावी वाटेना. तुझी आई म्हणाली, मी बांधते. तुला पोटात घेऊन बसली तिथं, तू आता बसलीस तिथंच. गुणगुणत होती. तुझा बाप आत आला, म्हणाला, काय देखणं झालंय. त्यानंच उचलून टेम्पोत ठेवलं, त्यानंच गोड्याच्या माणसांकडे नेऊन दिलं."

नात बसल्या जागेवरून जरा बाजूला सरकली.

"संध्याकाळी ते आमच्या दाराशी होतं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं चुकून आलं. तुझ्या आईनं ते उलटं केलं. आपल्याकडे तार सगळे उजवीकडं वळवतात. ती डावरी, तिचे वेढे उलटे पडतात. तिनं वेढे बघितले. ओरडली नाही, काही नाही. खाली बसली आणि तार उकलायला लागली, एकेक वेढा. तिला वाटत असेल, सगळी उकलली की तो येईल. बोटं रक्तानं भरली तरी सोडेना. मग त्याला आणलं."

मालकीणबाईंनी नाक पदराला पुसलं. "असला तो फुलांनी निरोप देणारा. मी शब्द मोडला. तुझी आई मला काय म्हणायचं ते म्हणू दे. पण तू तिच्या हातात हे कडं देणार नाहीस."

नात उठली. टेबलाजवळ गेली, पण कशालाच हात लावला नाही. मग तिनं जे विचारलं त्याची मालकीणबाईंना अपेक्षा नव्हती.

"पालीला घाबरायचे?"

"भिंतीवर दिसली की स्टुलावर चढायचा. आणि ती पाल स्टुलापेक्षा वर."

नात हसली. हसताहसताच तिचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि आजीच्या मांडीत डोकं खुपसून ती किती तरी वेळ रडली. गुलाबाची पानं तिच्या केसांत अडकली. मालकीणबाई ती वेचत राहिल्या, जणू तेच काम त्यांना दिलेलं होतं.

बाहेर टेम्पो थांबला. लेक शटरखालून वाकून आत आली, रिकामे क्रेट हातात, कपाळाला घाम. "आज हॉटेलवाल्यानं लिलीच्या नावानं..." असं काहीतरी म्हणत ती पुढे आली. टेबलावरचं कडं तिनं बघितलं, शेवंती बघितली, रिबीन बघितली. मग मुलीचे डोळे, मग आईचे. क्रेट तिनं हळूच खाली ठेवले, अंडी ठेवावीत तसे.

"सांगितलंस," ती आईला म्हणाली.

"सांगितलं," मालकीणबाई म्हणाल्या. 

 मालकीणबाईंना वाटलं, आता ही फुटेल, किंवा निघून जाईल. लेकीनं शेवंती उचलून कवेत घेतली.

"उघड्यावर काढून ठेवतात होय? उन्हाळ्यात?" ती मुलीला म्हणाली. "चल, थंड खोलीत ठेवू. मलूल पडतील."

"आई, मी त्या लोकांना सांगते, चक्र नाही मिळणार. का, तेही सांगते."

"ते तू बघ. दार धर आधी."

नातीनं दार धरलं. थंड हवेचा एक लोट दुकानभर पसरला. आत जाताजाता ती म्हणाली, "ते पालीला घाबरायचे म्हणे."

"नुसतं पालीला?" लेक म्हणाली. "त्याला गुलाबाची ॲलर्जी होती. फुलवाल्याच्या घरात जावई म्हणून आला आणि लग्नातच शिंकत होता. हार घालू देईना मला..."

दार लागलं. काचेवर लगेच धुकं आलं, आणि आतल्या दोघींच्या फक्त सावल्या उरल्या, फुलांच्या रांगांमधून हलणाऱ्या.  लेकीचे हात हवेत काहीतरी दाखवत होते, उंची असेल, नाहीतर शिंक. मालकीणबाईंना एरवी भिंतीआडचं कुजबुजणंही ऐकू यायचं, आणि नाही आलं तर त्या उठून दाराला कान लावायच्या, त्यात त्यांना कधी लाज वाटली नव्हती. आज त्या स्टुलावरून उठल्या नाहीत. मशीनच्या घुमण्यात आतलं काही कळत नव्हतं, ते तसंच राहू दिलं, आणि पुढचा गुलाब हातात घेतला.