बायाक्काची चरवी

नाताळच्या आदल्या दिवशी यमनाप्पानं वडगावातल्या आपल्या घरामागं तीन दगडांची चूल मांडली. अंडं घरातल्या चुलीवर चढत नसे. बायाक्का होती तेव्हाही नाही.

बायाक्का त्याची बायको. बेळगावच्या कॅम्पात एका मडमेकडं कामाला जायची. अंडी, दूध, साखर आणि जायफळ घालून नाताळात प्यायचं दूध मडमेनं तिला शिकवलं होतं. पुढं घरच्या म्हशीचं दूध घेऊन ती इथंच ते करायची आणि चरवी भरून बंगल्यावर न्यायची. रम तेवढी तिकडं पडायची. श्रावणात बायाक्का तापानं गेली. आता मडमेचा निरोप आला होता, यंदा दूध नको, बटलर करील.

"बटलर कसा करील? चरवी ह्याच घरातनं जाईल," यमनाप्पा म्हणाला.

"तू कधी चहा तरी केलास का रं?" बाळाबाई म्हणाली. ही त्याची थोरली बहीण, बायाक्का गेल्यापासून घर सांभाळायला आलेली.

"बघ तू, आक्का."

दूध उतू जाईस्तोवर तापवलं नाही तर या घरात ते दूध धरत नसत. त्यानंही तसंच तापवलं आणि फेटलेली अंडी एकदम ओतली. पिवळे गोळे वर आले.

"पोळी झाली की रं! मडमेला भाकरीसंगं दे."

त्यानं चरवी घासून दुसरं दूध काढलं. या खेपेला थंड दुधात अंडी घालून चुलीवर ठेवली. तळाला लागलं.

तो घरातल्या हातमागावर जाऊन बसला. ताण्याला हात लावला तर सुताला वाळलेली खळ खड्यासारखी लागली. सुताला लावायची ही पेज आता बाळाबाई करायची. एकदम उकळतं पाणी ओतायची, गुठळ्या व्हायच्या, सूत तुटायचं. बायाक्काच्या खळीत गुठळी कधी सापडली नाही. ती पीठ आधी गार पाण्यात कालवायची, मग गरम पाणी पळीपळीनं सोडायची. दुसरा हात ढवळतच असायचा. सगळं सैल झालं की मगच चुलीवर.

यमनाप्पा ताडकन उठला.

गरम दूध त्यानं पळीपळीनं अंड्यांत सोडलं. हात थांबू दिला नाही. मग ते मिश्रण उरलेल्या दुधात ओतून मंद जाळावर ढवळत राहिला. चव बघायची सोय नव्हती. बायाक्कानंही ते कधी तोंडाला लावलं नव्हतं. ती पळीच्या पाठीवर बोट ओढायची, खळीला ओढायची तसंच. त्यानं बोट ओढलं. रेघ मोडली नाही.

"जायफळ घाल की," बाळाबाई म्हणाली.

"आता न्हाय. आधी घातलं की वास जातोय, पुढल्या साली निवल्यावर घालून बघायचं, असं ती गेल्या नाताळात म्हणालती."

नाताळच्या सकाळी निवलेल्या दुधात जायफळ किसून घालून तो चरवी घेऊन बंगल्याच्या मागच्या दारी उभा राहिला. भरमू बटलर कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "निरोप मिळाला न्हाय व्हय? मी केलंय."

"मिळाला. आत तर ने."

भरमू आत गेला. बऱ्याच वेळानं रिकामी चरवी घेऊन आला. "मडम म्हणती, दरसालापेक्षा झकास. माझं तसंच राहिलं भांड्यात. कुणी केलं रं?"

"बायाक्कानं."

"अरं, ती तर..."

"व्हय. हात माझा लागला, एवढंच."

घरी येऊन त्यानं चरवी बायाक्का ठेवायची त्याच जागी पालथी घातली. मग पिठाचा डबा उतरवला.

"सर आक्का, आजपासनं खळ मी करतो," तो म्हणाला आणि पिठावर गार पाणी सोडलं.