बसून झोपणारी समीक्षा

समीक्षाचं नाव शाळेतून काढायचं, हे एकदाचं ठरलं. दोन हजार चार सालातली गोष्ट. वैशाखरे गावातल्या तिच्या घरात त्यावरून ना आरडाओरडा झाला, ना रडारड. तिचा बाप मंगेश जेवता जेवता बायकोला म्हणाला, "तिसरीत दुसऱ्यांदा बसली. डोक्यात काय शिरतच नाय तिच्या. सोमवारी गुरुजींना सांगतो. घरी राहील, ओमकारला सांभाळील." ललिताने त्याच्या ताटात भात वाढला आणि मान हलवली. पोटच्या लेकीचं असं ऐकून आईला काहीच कसं वाटू नये? पण नाही वाटलं. पोर ढ आहे, झोपाळू आहे, हे तीन वर्षं ऐकून ऐकून तिचं मन बधिर झालं होतं.

पोर होतीही तशीच, असं कोणीही म्हणालं असतं. मीठ आणायला पाठवली तर दारातूनच मागे वळून विचारायची, "काय आणू?" वर्गात पेंगायची. नऊ वर्षांची झाली तरी अंथरूण ओलं करायची. त्यात आणखी एक खोड. आडवी म्हणून निजायची नाही. भाताच्या पोत्याला पाठ लावून, तोंड उघडं टाकून, बसल्या बसल्या घोरायची. ललिता तिला रोज ओढून सपाट निजवायची, पुन्हा उठली तर धपाटाही घालायची. पोरीच्या जातीला वळण नको का!

शनिवारी दुपारी आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर धाकट्या ओमकारचा खोकला बघायला आल्या. न्यूमोनिया तर नाही ना, हे बघायला घड्याळ लावून त्यांनी त्याचे श्वास मोजले. ठीक होते. शेजारी समीक्षा घोरत पडली होती, ललिताने नुकतीच सपाट निजवलेली. सिस्टर उठता उठता थांबल्या. घोरणं एकदम बंद पडलं होतं.

"गप निजली बघा एकदाची," ललिता म्हणाली.

"गप नाय गो. पोट बघ तिचं."

पोट आतबाहेर होत होतं, नाकातोंडातून मात्र वारा नव्हता. सिस्टर घड्याळावर नजर लावून मोजत होत्या. दहा... बारा... चौदा! पोरगी दचकली, खर्रकन श्वास ओढला आणि झोपेतच उठून बसू लागली. सवयीने ललिताचा हात तिला खाली दाबायला गेला. सिस्टरनी तो धरला.

"बसू दे तिला! बसली की श्वास आत जातो, म्हणून बसते ती. टॉन्सिल वाढले असतील, नाकामागच्या गाठी वाढल्या असतील. आडवी झाली की वाट बुजते."

"मंग शाळेतलं ध्यानात का नाय राहत?"

"अगो, आपण निजलो तरी मेंदू निजत नाय. दिवसा शिकलेलं तो रातीला जागच्या जागी लावतो. हिचा मेंदू रातभर श्वासासाठी धडपडून जागा होतो. धडे कधी लावील? पोर ढ नाय गो, कित्येक वर्षं नीट झोपलीच नाय!"

ललिताला रडूसुद्धा आलं नाही. ती आपल्या हाताकडे बघत बसून राहिली.

संध्याकाळी मंगेशला सांगितलं, तर तो हसला. "घोरतंय तर अख्खं गाव!"

"मंग तुमी मोजा!" ललिताने जन्मात पहिल्यांदा नवऱ्यावर आवाज चढवला. "बसा हितं आन् मोजा!"

समीक्षा दिवेलागणीलाच पेंगून पडली होती. मंगेशने मोजलं. सतरापर्यंत गेला आणि पुढे त्याला मोजवेना. सोमवारी तो शाळेत गेला नाही, लेकीला घेऊन ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात गेला.

दिवाळीनंतर टॉन्सिलचं आणि नाकामागच्या गाठींचं ऑपरेशन झालं. समीक्षा मग वर्गात पहिली आली, असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण झोप नीट लागू लागली तसं अंथरूण कोरडं राहू लागलं, केलेले पाढे दुसऱ्या दिवशी आठवू लागले आणि पोरगी चौथीत गेली. एकदा वर्गात गुरुजी सगळ्यांदेखत कौतुकाने म्हणाले, "बघा, ढ पोरगी कशी सुधारली!"

लेकीला न्यायला आलेली, वर्गाच्या दारात उभी ललिता म्हणाली, "गुरुजी, ढ आमी होतो. ती श्वास घ्यायला उठायची, न् मी तिला दाबून निजवायची." आणि इतक्या महिन्यांनी तिथेच, साऱ्या वर्गासमोर, तिला हुंदका फुटला.

मंडळी, घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे! एखाद्या मुलावर मंदपणाचा शिक्का मारण्याआधी ते झोपलेलं असताना घटकाभर त्याच्याजवळ बसा. श्वास अडताना दिसला तर दवाखाना गाठा. पोरांना वळण लावणारे हात आपल्या सगळ्यांच्याच घरात आहेत, आणि ते मायेचेच आहेत. ललिताचेही मायेचेच होते.