पुस्तकबांधणीकाराची केशरी दाढी

मी एक दाढी बोलते आहे. माणसाचे म्हणणे तुम्ही त्याच्या तोंडून ऐकता. त्या तोंडाच्या अगदी लगत माझे घर, तेव्हा आज माझेही ऐका.

माझा जन्म एका पुस्तकबांधणीकाराच्या हनुवटीवर, त्याच्या विसाव्या वर्षी झाला. तेव्हा मी गडद तपकिरी होते. कामाच्या नादात तो मला खळीचे हात लावी. सायंकाळी त्याची पत्नी वाळलेले कण नखाने काढीत म्हणे, "किती पुस्तकं बांधलीत, ते दाढीच सांगते."

पुढे तिच्या डोळ्यांवर पडदा चढला. चार वर्षे त्याने तिला हाताला धरून चालवले, घास भरवले. त्या वर्षांत मी पांढरी झाले. मला विंचरायची त्याला सवडच नव्हती. अखेर शस्त्रक्रिया झाली. परवा पट्टी सुटेल, असे नेत्रवैद्यांनी सांगितले, त्या दिवशी तो आरशापुढे बराच वेळ उभा राहिला.

"माझ्यापायी हा माणूस म्हातारा झाला, असं तिला वाटता कामा नये," एवढेच तो पुटपुटला.

त्याने मेंदी आणली, निळीच्या पानांची पूड आणली. मेंदी तांबूस रंग देते. तिच्यावर नीळ चढली की तपकिरी छटा येते. परंतु मेंदी मुरवावी लागते, आणि नीळ भिजवताच लावावी लागते. मुरली की तिचा रंग मरतो. खळ जितकी मुरेल तितकी चांगली, हे हयातभर मानलेल्या माणसाला हे कसे सुचावे? त्याने दोन्ही एकाच वाडग्यात कालवून रात्रभर झाकून ठेवले. सकाळी लावले, दुपारी धुतले. मी संत्र्यासारखी केशरी झाले होते.

दवाखान्यात न्यायचा डबा घ्यायला आलेली मेहुणी दारातच थबकली.

"भावोजी, दाढी पेटली की काय! पाणी आणू?"

"थट्टा नको गं. उद्या सकाळी पट्टी सुटतेय. कापूनच टाकतो."

"कात्री ठेवा आधी! चार वर्षं ताईनं तुम्हाला हात लावून याच दाढीवरून ओळखलंय."

तिने साबणाने माझ्यातला तेलाचा अंश काढायला लावला. ताजी नीळ कोमट पाण्यात, चिमूटभर मीठ घालून कालवली आणि दहाच मिनिटांत मला चोपडली. तासाभराने धुतले, तर मी हिरवट!

"आता शेवाळं उगवलं," तो कळवळला आणि पुन्हा साबणाकडे वळला.

"अहं! हवा लागू द्या. उद्यापर्यंत साबण नाही, तेल नाही, चोळणंही नाही. नीळ सावकाश उमलते, भावोजी."

सकाळी मी तपकिरी होते. अगदी पूर्वीची नव्हे, पण शोभावी इतकी.

पट्टी सुटली. पत्नीने त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहिले.

"दाढी छान रंगवलीत," ती हळूच म्हणाली. "पण गालांच्या या खड्ड्यांना काय लावणार होतात?"

त्याला हसू आणि रडू एकदमच आले, आणि ते पाणी ओघळून माझ्यात उतरले. तिने ते तळहाताने टिपले.

आता मुळांशी मी पुन्हा पांढरी उगवते आहे. रंगवू का, असे तो रोज विचारतो. ती त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून न्याहाळते आणि "उद्या बघू" म्हणते. माझे एकच मागणे आहे : तिचे पाहून होत नाही, तोवर मला कुणी हात लावू नये.